तीन नंबरची खूण

त्या दोघा भावांच्या गॅरेजात एक नियम होता, आणि तो भिंतीवर कुठेही लिहिलेला नव्हता. ज्याने बोल्ट शेवटचा आवळला, त्यानेच बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ सलग असली की बोल्ट जागेवर आहे. मधेच तुटून तिचे दोन तुकडे सरकलेले दिसले, की बोल्ट फिरला आहे. आणि एकदा खूण झाली की त्या बोल्टला दुसऱ्याने पाना लावून बघायचं नाही. बघणं म्हणजे समोरच्याला खोटं ठरवणं. तीस वर्षांत दोघांपैकी कुणी तसं केलं नव्हतं.

नियम थोरल्याचा होता. तिथलं सगळं थोरल्याचंच होतं म्हणा ना. हत्यारांच्या जागा, चहाची वेळ, कुठल्या गिऱ्हाइकाला बसायला खुर्ची द्यायची आणि कुणाला उभं ठेवायचं, सगळं. वडील गेले तेव्हा धाकटा दहा वर्षांचा होता, आणि थोरल्याने त्याला हाताशी धरून माणसात आणलं. धाकट्याचे केस पांढरे झाले, तरी थोरल्याच्या तोंडी तो अजून ‘बाळ्या’च होता. गिऱ्हाइकं हसायची. धाकट्याला कधी हसू आलं नाही, कारण त्याला दुसऱ्या नावाने हाक मारलेली आवडलीच नसती.

तर एका सकाळी फरशीवाल्या मालकांचा ट्रक दोरखंडाने ओढत गॅरेजात आणला. स्टिअरिंगवर ‘सावकाश’ होता. हे त्याचं नाव नव्हे, पण खरं नाव त्याच्या घरच्यांनाच ठाऊक असेल. बावीस वर्षं तो हा एकच ट्रक चालवत होता, आणि इतक्या बेताने चालवायचा, की सायकलवालेसुद्धा घंटी वाजवून पुढे जायचे. बावीस वर्षांत त्याने वाटेत एक फरशी तडकवली नव्हती. त्या दिवशी मात्र तो केबिनमधून उतरला तो खाली मान घालूनच.

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी चढावर इंजिनातून टकटक ऐकू आली. गाडी भरलेली, मागे रांग. सावकाशने विचार केला, वरच्या सपाटीवर नेऊन थांबवू. दोन वळणं राहिली होती. तेवढ्यात आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला, रस्त्यावर तेल पसरलं आणि इंजिन जागीच बंद पडलं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या बिडाच्या धडाच्या, कुशीला मूठ आत जाईल एवढं भोक पडलं होतं.

मालक मागोमाग आले. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबी डोक्याचा होता आणि दोन ओळींत निकाल लावायची त्यांना सवय होती. ते म्हणाले, “इंजिन तीन आठवड्यांपूर्वी इथेच बांधलं. एवढ्यात फुटलं म्हणजे बांधणारा तरी चुकला, नाहीतर चालवणारा. आता थोरले मिस्त्री चुकत नाहीत, हे सगळ्या गावाला माहीत आहे.”

पुढचं ते बोलले नाहीत. बोलायची गरजच नव्हती. सावकाशने टायरला टेकवलेला हात काढून घेतला.

मग मुख्य प्रश्न आला. इंजिन दुरुस्त करायचं, की हे जमा करून दुसरं बदली इंजिन बसवायचं? मालकांनी परवापर्यंत विचार करून सांगा म्हटलं. थोरल्याला विचार कसला करायचा? त्याच्या डोळ्यांत तर चमक आली होती. बिडाच्या लोखंडाला वेल्डिंग मानवत नाही, जोड शेजारीच तडकतो. थोरला त्याला थंडच टाके घालायचा. भोकावर ठिगळ बसवायचं, कडेकडेने आटे पाडायचे, एकात एक गुंतणारे खिळे पिळायचे आणि वरून घासून सपाट करायचं. पुढे त्यावरून बोट फिरवलं तर जखम कुठे होती ते कळायचं नाही. त्या टाक्यांसाठी लोक लांबून इंजिनं घेऊन यायचे. “बदलायला काय, हात सगळ्यांनाच असतात,” असं तो म्हणायचा.

त्याचे गुडघे मात्र आता वाकत नव्हते. म्हणून त्याने धाकट्याला ट्रकखाली पाठवलं. चेंबर काढ, आत बघ, क्रँक धड आहे का ते सांग.

धाकटा गोणपाटावर उताणा सरकत आत गेला. त्याने इंजिनाच्या बुडाशी असलेलं तेलाचं भांडं, म्हणजे चेंबर, सोडवलं, उरलेलं तेल परातीत घेतलं आणि दिवा वर धरला. सहा सिलिंडरचं इंजिन, सहा रॉड. प्रत्येक रॉडची खालची टोपी क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याला, मिठी मारून बसलेली असते आणि दोन बोल्ट ती मिठी सुटू देत नाहीत. तीन नंबरची टोपी जागेवर नव्हती. तिचे तुकडे चेंबरमध्ये पडले होते. रॉड मोकळा सुटून ब्लॉक फोडून गेला होता. यात नवल नव्हतं. असं होतं.

नवल बाकीच्या पाचांचं होतं. त्यांच्या दहाही बोल्टांवर पिवळ्या रेघा होत्या, आणि दहाही तुटलेल्या. डोक्यावरचा तुकडा एकीकडे, टोपीवरचा दुसरीकडे. धाकट्याला वाटलं, सगळेच ढिले झाले की काय! त्याने बाजूचा टॉर्कचा पाना घेतला. ठरलेला जोर भरला की हा पाना ‘कट्’ वाजतो. भावाच्या खुणेला तो आयुष्यात पहिल्यांदा पाना लावत होता, म्हणून त्याने आधी बाहेर थोरल्याचे पाय कुठे आहेत ते पाहिलं. पाना लावला. लगेच कट्. दुसरा, लगेच कट्. दहाही बोल्ट पक्के आवळलेले होते.

बोल्ट पक्का आणि रेघ तुटलेली. याचा अर्थ एकच होता. रेघ आधी ओढली होती आणि बोल्ट नंतर आवळला होता.

त्याने चेंबरच्या गाळात हात घालून तीन नंबरचे बोल्ट शोधले. एक मधोमध तुटलेला होता. दुसरा अख्खा होता, आटे कोरे करकरीत. तो तुटला नव्हता, ताणला गेला नव्हता, फिरत फिरत आपणहून बाहेर आला होता. त्याच्या डोक्यावर अर्धी पिवळी रेघ होती. हातानेच बसवलेला, खूण केलेला आणि आवळायचा राहून गेलेला बोल्ट. हातच्या कंकणाला आरसा कशाला?

धाकटा तसाच पडून राहिला. वरून तेलाचा एक थेंब त्याच्या कपाळावर पडला, तो पुसायचंही त्याच्या लक्षात आलं नाही. मग त्याने तो अख्खा बोल्ट खिशात टाकला आणि बाहेर आला.

“क्रँक कसा आहे?” थोरल्याने विचारलं.

“ओरखडलाय. ब्लॉकही आतून तडकलाय. यात काही राम नाही दादा, बदलूनच टाकू.”

ब्लॉक आतून तडकला नव्हता. थोरल्याच्या तोंडावर खोटं बोलायची ही त्याची दुसरी वेळ. पहिली वेळ शाळा चुकवली तेव्हाची, आणि तेव्हा तो लगेच पकडला गेला होता. आज नाही. थोरला नुसता चिडला. आळस भरलाय तुझ्या अंगात, म्हणाला. टाके घालायला मी आहे, तुला कुणी सांगितलंय? दोघांचं जेवायच्या वेळेपर्यंत वाजलं. धाकटा एरवी थोरल्यापुढे मान वर करत नसे, त्या दिवशी हटून बसला. इंजिन बदललं, की जुनं इंजिन बदली देणाऱ्याकडे जमा होणार, त्याच्याकडे ते अशा पन्नास इंजिनांत पडणार, आणि तुटलेल्या रेघांकडे कुणीही बघणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

दुपारी तो वहिनीकडे गेला. घर गॅरेजच्या वरच होतं. वहिनी चहा गाळत होती. तीन कप ठेवलेले, दोन भरलेले आणि एक अर्धाच. अर्धा कप त्याने गेल्या वर्षभरात रोज पाहिला होता आणि दादाने चहा कमी केलाय असं समजून सोडून दिलं होतं. आता त्याला त्या अर्ध्या कपाचा दुसराच अर्थ दिसू लागला.

“वहिनी, दादाचा हात थरथरतो का?”

ती आधी गाळणी धुवायला वळली. मग तिने सांगितलं. सकाळी बरा असतो. दहा-अकरानंतर सुरू होतं. सदऱ्याची बटणं ती लावते. भरलेला कप दिला तर सांडतो, आणि सांडला की ते दिवसभर बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात वाढत जाणार. “तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी शपथ घातलीय भावजी. रंगाची कामं सकाळीच उरकून घेतात. म्हणतात, बाळ्या समोर बसलेला असतो, रेघ वाकडी आली तर त्याला लगेच दिसेल.”

म्हणजे हात स्थिर असेपर्यंत थोरला रेघा आधी ओढून घ्यायचा आणि बोल्ट मागाहून आवळायचा. रेघ तुटणार हे थोरल्याला कळत नव्हतं असं नाही. पण तुटलेली रेघ चेंबरच्या आत झाकली जाते, आणि थरथरलेली रेघ समोर बसलेल्या भावाला दिसते. ज्या भावापासून त्याने हे लपवलं, तोच भाऊ आता त्याच्यापासून लपवत होता. दोघं एकाच आईची लेकरं, दुसरं काय!

वहिनीने त्याचा चेहरा वाचला असावा. इंजिनाचं तिला काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचं सगळं कळत होतं. ती इतकंच म्हणाली, की काय झालंय ते मला सांगू नका, आणि त्यांनाही सांगू नका. काम सुटलं तर हा माणूस सकाळी उठेल कशासाठी?

धाकट्याने मान हलवली. चहा तसाच ठेवून तो खाली आला.

खाली सावकाश आला होता. केबिनमधून आपलं सामान काढत होता. बसायची चपटी झालेली उशी, मुलीचा शाळेतला फोटो, काच पुसायचं फडकं, पाण्याची बाटली. बावीस वर्षांचा संसार एका पिशवीत मावला. मालकांनी महिनाअखेरीला चावी जमा करायला सांगितलं होतं. तो कुणाबद्दल एक वाकडा शब्द बोलला नाही. उलट मालकांचीच बाजू घेत होता, एवढ्या मोठ्या नुकसानीनंतर दुसरा कोण ठेवून घेईल, म्हणत होता. पिशवीचे बंद बांधता बांधता तो थांबला.

“एक विचारू का मिस्त्री? टकटक ऐकली तेव्हाच मी थांबलो असतो, तर वाचलं असतं का ते? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. खरं काय ते सांगा, मला वाईट वाटणार नाही.”

खिशातला बोल्ट धाकट्याच्या मांडीला टोचत होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तो म्हणाला, “सांगता येत नाही.”

सावकाशने ते ऐकून मान डोलावली. त्याने त्याचा अर्थ ‘हो, वाचलं असतं’ असाच घेतला, हे धाकट्याला स्वच्छ दिसलं. पिशवी खांद्याला लावून तो फाटकातून गेला, आणि जाताना सवयीने ट्रकच्या मागच्या टायरवर हात मारून हवा बघून गेला. धाकट्याला रडू फुटलं. भट्टीच्या आडोशाला उभं राहून तो पोरासारखा रडला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तरी कोण? ज्याने आपल्याला हातात पाना धरायला शिकवलं तो. आपलेच दात, आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर गॅरेजात आला. ट्रकखाली गेला, चार नंबरच्या बोल्टांवरच्या रेघा जशा होत्या तशा राहतील अशा बेताने एका बोल्टच्या डोक्यावरून टोपीपर्यंत खिळ्याने ओरखडा ओढला, म्हणजे सोडवून पुन्हा त्याच जागी आणता येईल. मग टोपी काढली. थोरला आठला खाली उतरला. सदऱ्याची बटणं नीट लावलेली होती. धाकट्याने मुद्दाम सकाळच निवडली होती. हात स्थिर असताना त्याच्या हातात द्यावं, एवढीच त्याला दया सुचली.

त्याने टोपी बाकावर ठेवली, बोल्ट त्यात घालून ओरखड्याला जुळवला आणि दिवा जवळ ओढला. थोरल्याने चष्मा लावला. एकदा रेघेच्या एका तुकड्यावरून अंगठा फिरवला, एकदा दुसऱ्यावरून.

“सगळे असेच आहेत?”

“पाचही टोप्यांचे. दहाही पक्के आहेत, मी पाना लावला.” मग त्याने खिशातून तो अख्खा बोल्ट काढून टोपीशेजारी ठेवला. “हा तीन नंबरचा.”

थोरल्याने बोल्ट उचलला, आटे उजेडात धरले. मिस्त्रीला यापुढे सांगायची गरज नसते. तो हळूहळू खाली बसला, गुडघे वाकत नसताना बसला. मग एकेक आठवून बोलू लागला. पहिल्या तीन टोप्यांचे बोल्ट हाताने बसवले होते, त्यांच्यावर रेघा ओढल्या होत्या. मग एकापासून आवळायला घेतलं. दोन नंबरनंतर हात भरून आला म्हणून जरा पाणी प्यायला उठलो. परत आलो तर तीनवर खूण होती.

“माझीच खूण होती बाळ्या. खूण दिसली आणि मी पुढे गेलो.”

धाकटा त्याच्याशेजारी बसला. थोरला आता बोल्टाकडे बघत नव्हता, त्याच्याकडे बघत होता.

“आणि तू बदला म्हणालास ते यासाठी? त्या माणसाची चावी जाऊ देणार होतास, माझ्यासाठी?”

धाकट्याने होय म्हटलं. थोरला रागावेल असं त्याला वाटलं होतं, निदान एक कानाखाली तरी. थोरल्याने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसला. हात अजून थरथरत नव्हता.

मालकांकडे दोघं मिळून गेले. थोरल्याने धुतलेला सदरा घातला होता. फरशांच्या थप्प्यांमध्ये टेबल टाकून मालक बसले होते. थोरल्याने टोपी आणि बोल्ट टेबलावर ठेवले आणि जे झालं ते मुलाने धडा म्हणावा तसं सरळ सांगितलं. चूक माझी. गाडी थांबवली असती तरी हा बोल्ट आज ना उद्या निघालाच असता. तुमच्या ड्रायव्हरने टकटक ऐकली, हेच त्याचं कसब. मालकांनी बोल्ट उचलून उलटसुलट करून पाहिला. आपण ज्या माणसाच्या नावावर दुसऱ्याला दोषी ठरवलं, तोच समोर येऊन असं सांगेल, हे त्यांच्या दोन ओळींच्या हिशेबात बसत नव्हतं. अखेर त्यांनी आवारात माणूस पाठवून सावकाशला बोलावलं. त्याला सगळं सांगितल्यावर तो आधी थोरल्याच्याच जवळ आला आणि, “मिस्त्री, तुम्ही बसा ना,” म्हणाला. त्याने खुर्ची पुढे केली. थोरल्याला ते सोसलं नाही.

मग मालकांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. दुरुस्त, की बदली? धाकटा घाईघाईने म्हणाला, दुरुस्त करू. ब्लॉक आतून धड आहे, मी खोटं बोललो होतो. सकाळी सकाळी रोज थोडे थोडे टाके घातले तरी दादा महिन्याभरात उभं करील. आवळायला मी आहे. काल ज्याच्यावर तो हटून बसला होता, त्याच्या बरोबर उलट आज हटून बसला होता.

थोरला खिडकीबाहेर ट्रकच्या रिकाम्या जागेकडे बघत होता. “बदला,” तो म्हणाला. चाळीस वर्षांत त्याच्या तोंडून तो शब्द प्रथमच निघाला. “ते माणसं घेऊन चढावर जातं. मी टाके नाही घालणार.”

बदली इंजिन पुढच्या आठवड्यात आलं. जुनं नेताना थोरला वरच्या मजल्यावर होता, खाली उतरला नाही. नवं बसवायच्या दिवशी मात्र तो सकाळी सातलाच हजर झाला. त्याने साखळी धरली, इंजिन खाली घेताना ‘डावीकडे, अजून थोडं, बस’ म्हणत राहिला, आणि शेवटच्या बोल्टाशी आल्यावर धाकट्याकडे हात पुढे केला. एक मला दे. सकाळ आहे.

धाकट्याने पाना दिला. साधा पाना, थोरल्याचा आवडता, दांड्याला बोटांच्या खुणा पडलेला. थोरल्याने दोन्ही हातांनी आवळला, पूर्वीसारखा खांद्यातून जोर काढून, दात दाबून. हात अजिबात थरथरला नाही. “झाला,” तो म्हणाला, आणि रंगाची डबी उघडून कुंचला भिजवून तयार बसला.

सावकाश जवळच उभा होता, उशी काखेत घेऊन. धाकट्याला पुढचं करायचं नव्हतं. पण इंजिन त्या माणसाच्या पायाशी बसणार होतं. त्याने टॉर्कचा पाना उचलला आणि भावाच्या देखत त्या बोल्टला लावला. पान्याने कट् वाजायला हवं होतं. ते वाजलं नाही. दांडा सरकला, आणखी सरकला, जवळजवळ पाव फेरा गेला आणि मग कट् वाजलं. ते तिघांनीही ऐकलं.

धाकटा पाना हातात धरून तसाच वाकून राहिला, मान वर करायचा धीर त्याला होईना. थोरल्याने कुंचला डबीच्या काठावर पुसला, नीट, दोन्ही बाजूंनी, आणि दांड्याकडून त्याच्यापुढे धरला.

“तू कर खूण,” तो म्हणाला. “आवळलास तू.”